समुपदेशकाला काय विचारायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं भविष्य’ असा भारदस्त विषय दिला होता. पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी, फोटोच्या रांगेत, अगदी हात धुताना नळापाशीसुद्धा मला एकच गोष्ट विचारली गेली. “अगं, तू इंजिनीअर ना? मग आमच्या पोराला अ‍ॅडमिशनचं जरा सांग की!” तेव्हा संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता पुढच्या मेळाव्यापर्यंत कुठे जात नाही. आपली मुलं मात्र यंदाच बारावीला आहेत.

आपल्या वेळी माहितीपुस्तिका विकत आणायची, अर्ज शाईच्या पेनाने भरायचा, आणि अडलं तर ओळखीच्या सरांकडे जायचं, एवढीच पद्धत होती. आता मधे एक नवा माणूस आला आहे, प्रवेश समुपदेशक. आपण सगळे त्याला काउन्सेलर म्हणतो. गुळगुळीत टेबल, भिंतीवर यशस्वी मुलांचे फोटो आणि समोर आपण, फाइल छातीशी धरून. गेल्या दोन हंगामांत नात्यातल्या आणि आपल्याच वर्गातल्या काही जणांच्या मुलांबरोबर मी अशा चार-पाच कार्यालयांत जाऊन बसले. सगळे समुपदेशक वाईट नसतात. दोघांनी तर आम्हाला फार मनापासून मदत केली. पण माझ्या एक लक्षात आलं. चांगल्या समुपदेशकाकडून नीट माहिती मिळवायला आणि वाईट समुपदेशकाला ओळखायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे नेमके प्रश्न.

मी समुपदेशक नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण आमच्या धंद्यात अर्धं काम विचारण्याचंच असतं. ग्राहक म्हणतो, सगळं अगदी सोपं आहे. आम्ही विचारतो, ही माहिती कुठून आली? आणि हे बंद पडलं तर काय करायचं? प्रवेशाच्या टेबलावरही हेच दोन प्रश्न कामी येतात. आपण साधारणपणे तिथे काय विचारतो? “सर, मिळेल ना?” या प्रश्नाला “मिळेल हो, काळजी करू नका” एवढंच उत्तर असतं, आणि ते पडताळता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याचं उत्तर नंतर कागदावर तपासता येईल असाच प्रश्न विचारा. मी आज महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग प्रवेशापुरतं बोलते, कारण तेवढंच मी जवळून पाहिलं आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा अखेरचा शब्द त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचा.

पहिला प्रश्न विचारायला आपल्याला सर्वांत जास्त लाज वाटते. “सर, तुम्हाला पैसे कोण देतं?” समुपदेशक तीन प्रकारचे असतात. एक, सरकारी प्रक्रियेतल्या सुविधा केंद्रावर बसलेले प्राध्यापक. ते कागदपत्रं तपासतात आणि शंकांना उत्तरं देतात. या केंद्रांची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो आणि तिथल्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. दुसरे, आपल्याकडून फी घेणारे खाजगी सल्लागार. तिसरे, ज्यांना कॉलेजकडून दर प्रवेशामागे काही मिळतं ते. अडचण तिसऱ्यांची आहे, आणि त्याहून जास्त अशांची, जे दिसतात दुसऱ्या प्रकारचे आणि असतात तिसऱ्या प्रकारचे. विचारायचं ते असं : “तुम्ही सुचवलेल्या कॉलेजांपैकी कोणाकडून तुम्हाला मानधन मिळतं का? मिळत असेल तर तसं लिहून द्याल?” प्रामाणिक माणूस या प्रश्नावर रागावत नाही.

परदेशी पाठवणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय खुर्चीतसुद्धा बसू नये. अमेरिकेत सरकारी शिक्षण-मदत घेणाऱ्या कॉलेजांना स्वतःच्या देशातले विद्यार्थी आणण्यासाठी माणशी कमिशन देता येत नाही. १९९२ पासून कायद्यानेच तशी मनाई आहे. पण त्याच कायद्यात परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी अपवाद म्हणून सोडलेले आहेत. म्हणजे तिकडच्या मुलांना असलेलं हे संरक्षण आपल्या मुलांना नाही. कमिशन घेणं इथे बेकायदा ठरत नाही, पण आपल्याला ते माहीत असलं पाहिजे. आपल्याकडून एक पैसाही न घेणारा एजंट फुकट काम करत नसतो.

दुसरा प्रश्न पसंतीक्रमाच्या अर्जाचा, म्हणजे ऑप्शन फॉर्मचा. कॅप राउंडमध्ये जास्तीत जास्त ३०० पर्याय भरता येतात. समुपदेशकांची खरी फी इथेच असते, यादी बनवून देण्याची. आणि इथेच सर्वांत जास्त गूढ निर्माण केलं जातं. आमच्याकडे खास सॉफ्टवेअर आहे, असं तीन ठिकाणी ऐकलं. माझा व्यवसायच तो असल्याने मी हौसेने ते उघडून दाखवायला सांगितलं. गेल्या वर्षीच्या कट-ऑफचा तक्ता होता, उतरत्या क्रमाने लावलेला. तेवढं आपल्या मुलांनाही एका संध्याकाळी जमेल.

जागावाटपाचं यंत्र कसं चालतं ते सांगते. समजा, वर्गात बाक निवडायचे आहेत. बाई गुणानुक्रमे नाव पुकारतात. पहिल्याने आपल्या आवडीचा बाक घेतला. मग दुसऱ्याची चिठ्ठी उघडली. त्याचा पहिला आवडता बाक गेला असेल तर दुसरा, तोही गेला असेल तर तिसरा. जो पहिला मोकळा सापडेल तो त्याचा. आरक्षण आणि विद्यापीठांचे वाटे धरून हे गुंतागुंतीचं होतं, पण गाभा हाच. आता यात एक गंमत बघा. माझ्या चिठ्ठीत पहिल्या नंबरवर मी खिडकीजवळचा बाक लिहिला आणि तो मला मिळाला नाही, तर त्यामुळे माझा दुसऱ्या नंबरचा बाक हातचा जातो का? नाही. माझी पाळी येईल तेव्हा जे शिल्लक असेल त्यातलं माझ्या यादीत सर्वांत वर असलेलं मला मिळेल. म्हणून “मोठं कॉलेज वर टाकलंत तर संधी वाया जाईल” असं कोणी सांगितलं, तर ते चूक आहे. आवडीचाच क्रम लावायचा. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशाच्या याच कोड्यावर १९६२ मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला होता. पुढे २०१२ मध्ये शॅप्लींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या प्रकारच्या कामासाठी.

पण यात एक खाच आहे. २०२५ च्या प्रवेशप्रक्रियेत चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागणार होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली, तरी तसंच. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून मूल बाहेर. म्हणजे वरच्या सहा ओळी फार विचाराने भरायच्या. तिथे अशीच नावं हवीत की जी मिळाली तर घरात कोणी तोंड पाडून बसणार नाही. म्हणून समुपदेशकाला एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा : “हे त्याच्या वर का? हीच जागा सक्तीने घ्यावी लागली तर चालेल, असं तुम्ही कशावरून धरलंत?” आमच्याबरोबरच्या एका मुलाच्या यादीत चौथ्या ओळीवर एक कॉलेज होतं, ज्याचं नाव त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं. या प्रश्नावर समुपदेशकाने ते निमूटपणे खाली सरकवलं.

याला जोडूनच आणखी एक. “लॉगिन आणि पासवर्ड कोणाकडे राहणार?” उत्तर एकच असू शकतं, मुलाकडे. मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचा किंवा आपला असावा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. अर्ज ‘कन्फर्म’ मुलानेच करायचा, आणि त्याची छापील प्रत घरी ठेवायची. बँकेच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. इथे चार वर्षांचा प्रश्न असतो आणि आपण पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो.

तिसरा प्रश्न कट-ऑफचा. “९४ ला काय मिळेल?” असं विचारू नका. आधी पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे घरातल्या आजीपासून सर्वांना समजावून सांगा. सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते, म्हणून गुणांऐवजी क्रमाची तुलना करतात. ९४ पर्सेंटाइल म्हणजे साधारण शंभरातली ९४ मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे. एक लाख मुलं बसली असतील, तर एका पर्सेंटाइलमध्ये हजार मुलं मावतात. तेव्हा दशांश चिन्हापुढचे आकडेही बघावे लागतात, आणि पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता यादीतला क्रमांक अधिक कामाचा.

मग कट-ऑफच्या तक्त्यात जी आद्याक्षरांची गिचमिड असते, ती समुपदेशकाकडून वाचून घ्या. शेवटचं अक्षर एच असेल, तर ती जागा त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी. ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठांतल्यांसाठी. एस म्हणजे राज्यस्तरावर. सुरुवातीला एल असेल, तर ती मुलींसाठी राखीव. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे असे कितीतरी आकडे असतात, आणि आपल्या मुलाला लागू पडतात त्यातले मोजकेच. “तुम्ही दाखवताय तो आकडा कोणत्या फेरीचा, कोणत्या गटाचा आणि कोणत्या वर्षाचा?” हे विचारलं की निम्मी गोलमाल उत्तरं जागीच थांबतात.

आणि हेही विचारा : “या शाखेच्या जागा यंदा वाढल्या का?” २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असणाऱ्या कॉलेजांना प्रवेशक्षमतेवर असलेली कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे काही ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. जागा वाढल्या की गेल्या वर्षीचा कट-ऑफ जसाच्या तसा लागू पडत नाही. पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जागा वाढल्या, तर शिक्षक वाढले का? वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असं प्रमाण एआयसीटीईने घालून दिलं आहे. त्या विभागात विद्यार्थी किती आणि कायम शिक्षक किती, हे कॉलेजला जाहीर करावं लागतं. तो कागद मागा.

चौथा प्रश्न कागदपत्रांचा, आणि हा निकालानंतर विचारायचा नाही, अकरावीतच विचारायचा. “आमच्या मुलाला कोणकोणते दाखले लागतील आणि प्रत्येकाला किती दिवस लागतात?” अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर आणि सर्वांत वेळ खाणारं जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणी समितीकडे जुने पुरावे लागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडे शोधावा लागतो, आणि ते काम जूनच्या पावसात आठवड्याभरात होत नाही. वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, तर आरक्षित गटातलं मूल खुल्या गटात धरलं जाऊ शकतं. मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसायचं नाही. नॉन-क्रीमी लेअर किती तारखेपर्यंत वैध आहे, तेही वाचून घ्या. दाखला असतो आणि मुदत संपलेली असते, असं फार घरांत होतं.

शिवाय, सीईटीत कितीही चांगले गुण असले तरी बारावीत ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतातच. क्लासवाले हे सांगत नाहीत. बारावीचे वर्गशिक्षक सांगतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही. समोर बसलेल्या सरांना हसू येतंय, म्हणजे तिकडेही तोच अनुभव दिसतो.

पाचवा प्रश्न पैशांचा. त्यासाठी माझ्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. वडिलांचं छोटं गॅरेज आहे. गुण बरे, इतर मागास वर्गाचा दाखला आणि वैधता दोन्ही तयार, उत्पन्न मर्यादेच्या आत. समुपदेशकाने सांगितलं, कॅपची वाट कशाला बघता? एका खाजगी कॉलेजात संस्थास्तरावरची कॉम्प्युटरची जागा आहे, आजच पक्की करून टाका, उद्या राहणार नाही. वडील निघालेच होते पैशांची जुळवाजुळव करायला. तेवढ्यात ती मुलगी, जी तोपर्यंत अर्धा तास गप्प बसली होती, म्हणाली, “सर, या जागेवर मुलींची फी-माफी मिळेल का?” समुपदेशक म्हणाला, “ते आपण नंतर बघू.” ती म्हणाली, “नंतर नको. आधी बघू.”

आम्ही तिथून उठून सुविधा केंद्रावर गेलो. तिथल्या मॅडमनी शासन निर्णय काढून दाखवला. ८ जुलै २०२४ चा तो निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणजे “आजच पक्की करा” या तीन शब्दांत चार वर्षांची फी-माफी जाणार होती. त्या मुलीला पुढे कॅपमध्ये कॉम्प्युटर मिळालं नाही. दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालं, घरापासून दोन तासांवर. ती थोडी रडली, मग गेली. वसतिगृहाचा खर्च वडील करतात, पण शिक्षण शुल्काचं कर्ज त्या घरावर नाही. तिला हवं ते सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. मात्र काय मिळेल आणि त्यासाठी काय सोडावं लागेल, हे आधी कळलं आणि निर्णय तिने घेतला.

म्हणून पैशांबद्दल हे विचारा : “हा प्रवेश कॅपमधला की संस्थास्तरावरचा? यामुळे कोणती शिष्यवृत्ती किंवा सवलत हातची जाते?” आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी आणखी एक योजना आहे, शिक्षण शुल्क माफीची. तिला टीएफडब्ल्यूएस म्हणतात. त्या जागा मंजूर जागांच्या पाच टक्के, वरच्यावर दिलेल्या असतात आणि ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा सांकेतांक वेगळा भरावा लागतो. पर्याय भरलाच नाही तर कितीही गुण असले तरी ती जागा मिळत नाही. माफी फक्त शिक्षण शुल्काची, बाकीची फी द्यावी लागते, हेही समजून घ्या.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याने ते नेमलेलं आहे आणि कॉलेजनिहाय फी जाहीर केलेली असते. समुपदेशक सांगतो ती रक्कम आणि ही रक्कम शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर “हे जास्तीचे कशाचे? पावती मिळेल?” असं विचारा. पावती न देता मागितलेली देणगी हा कॅपिटेशन फीचा प्रकार आहे, आणि त्याला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. “प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत आणि किती तारखेपर्यंत?” हेही त्याच बैठकीत विचारून टाकायचं. मूळ कागदपत्रं तपासून झाल्यावर परत घ्यायची, ठेवून यायची नाहीत.

सहावा प्रश्न नोकरीचा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. कॉलेजच्या फलकावर एक मोठा आकडा असतो, सर्वोच्च पॅकेजचा. तो एका मुलाचा असतो. बाकीच्यांचं काय? सरासरी विचारू नका, कारण एका चाळीस लाखवाल्यामुळे सरासरी फुगते. गणिताच्या बाईंनी आपल्याला मध्यक शिकवला होता, आठवतो? सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला घ्यायचा. तो विचारायचा. “या शाखेतून शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती?” एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना अशा प्रकारचे आकडे सादर करावे लागतात, आणि ते कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. किती पास झाले, कितींना नोकरी, कितींनी पुढचं शिक्षण घेतलं, मध्यक किती, सगळं असतं. जाहिरातीच्या शेजारी तो कागद ठेवला की बोलणं सोपं होतं.

मानांकनाचंही तसंच. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. “आमचं कॉलेज एनबीए” असं कोणी म्हटलं तर विचारा, कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत? मेकॅनिकलचं एनबीए नव्याने निघालेल्या शाखेला लागू पडत नाही.

आता शाखेबद्दल. “कशाला स्कोप आहे?” या प्रश्नाचं उत्तर समुपदेशकाकडे नसतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. आजचं मूल चार वर्षांनी बाहेर पडणार आणि पुढे पस्तीस वर्षं काम करणार. त्याऐवजी हे विचारा : “कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स, एआय या चार शाखांच्या दुसऱ्या वर्षाच्या विषयांत फरक काय?” अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. शेजारी ठेवून बघितलात तर बरेच विषय सारखेच निघतात. माझ्या कामात मी नव्या मुलांच्या मुलाखती घेते. पदवीवर शाखेचं नाव काय छापलं आहे यावर कोणी अडत नाही. डेटा स्ट्रक्चर नीट कळलंय का आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम समजावून सांगता येतो का, यावर अडतं. इलेक्ट्रॉनिक्सची आणि मेकॅनिकलची मुलंही आमच्या टीममध्ये आहेत, चांगली आहेत. समुपदेशकाने दाखवलेल्या प्रत्येक कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका तरी मुलाशी आपल्या मुलाचं बोलणं करून द्या. प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत का, हे त्यालाच ठाऊक असतं.

शेवटचा मुद्दा, प्रश्न कोणी विचारायचे याचा. मी पाहिलेल्या प्रत्येक कार्यालयात समुपदेशक वडिलांशी बोलत होता. आई फाइल सांभाळत होती आणि मूल मोबाइलकडे बघत होतं. मुलाला बोलू द्या. प्रश्न घरी वहीत लिहून न्या, मुलाच्या अक्षरात, आणि उत्तरंही त्यालाच लिहू द्या. समुपदेशक इंग्रजीतून सुरू झाला तर “सर, मराठीत सांगा” म्हणायचं. आपण मराठी शाळेतली माणसं. त्या काचेच्या केबिनमध्ये आपल्याला वाटतं की, हे विचारलं तर आपण अडाणी ठरू. माझ्याबरोबर आलेला आपला एक वर्गमित्र, जो स्वतः शंभर माणसांचं काम सांभाळतो, तिथे तासभर फक्त मान डोलवत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “मला काहीच कळलं नाही गं.” कळलं नाही हे तिथेच, त्या खुर्चीत बसून म्हणायला हवं. विज्ञानाचे सर वर्गात म्हणायचे, समजलं नसेल तर हात वर करा, आणि हात वर केला म्हणून त्यांनी कधी कोणाला हसू दिलं नाही. ती सवय आता पोराच्या प्रवेशासाठी वापरायची वेळ आहे.

आणि एक विनंती. आज या सभागृहात आपल्या तुकडीतले सरकारी नोकरीतले, बँकेतले, वकील, डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक, कारखानदार बसले आहेत. आपल्या मुलांना विचारायला कोणीतरी आहे. पण याच शाळेत आज दहावीत असलेल्या कितीतरी मुलांच्या घरात कॉलेजात गेलेलं कोणीच नाही. त्यांच्यासाठी तो गुळगुळीत टेबलामागचा माणूस हाच शेवटचा शब्द असतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर दरवर्षी दोन रविवार आपण शाळेच्याच एका वर्गात बसू. एक दहावीच्या निकालानंतर, दाखल्यांचं सांगायला, आणि दुसरा कॅपचा पसंतीक्रम भरायच्या आधी, माजी विद्यार्थ्यांसाठी. कॉलेज सुचवायचं नाही, फी घ्यायची नाही. फक्त माहितीपुस्तिका उघडायची आणि बरोबर बसून वाचायची. बँकेतले मित्र शैक्षणिक कर्जाचं सांगतील, तहसील कचेरीतला आपला मित्र दाखल्यांचं सांगेल. मी दोन्ही रविवारी येईन. चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे, त्यात आपापलं नाव आणि कोणत्या विषयावर बोलू शकाल ते लिहा.

बाई, सर, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. काही चुकीचं सांगितलं असेल तर आताच हात वर करा, म्हणजे स्मरणिकेत छापायच्या आधी दुरुस्त करता येईल.